कागदातली माती

कागद कशापासून करतात, हा प्रश्न पाचवीतल्या मुलाला विचारा. "बांबूपासून, लाकडापासून, चिंध्यांपासून" असं तो सांगेल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. पण मंडळी, तुमच्या घरच्या प्रिंटरमध्ये जो पांढराशुभ्र कागद घातलेला असतो, त्याचा साधारण पाचवा हिस्सा, कधी कधी चौथा हिस्सासुद्धा, झाडाचा नसतोच. तो दगड असतो. मैद्याहून कितीतरी बारीक केलेला दगड! पाचशे कागदांचा गठ्ठा अडीच किलोच्या आसपास भरतो, म्हणजे त्यात अर्धा किलो तरी खनिज. आपण ते कागदाच्या भावाने विकत घेतो आणि त्यावर मुलांचे प्रोजेक्ट छापतो.

आपल्या रद्दीवाल्याला हे न शिकवता कळलेलं आहे. वर्तमानपत्रांना तो एक भाव देतो आणि गुळगुळीत रंगीत मासिकांना त्याहून कमी. आपल्याला वाटतं, चांगला कागद आणि भाव कमी, हा काय न्याय? पण त्या गुळगुळीतपणात माती किती आणि धागा किती, याचा हिशेब त्या भावात असतो. आर्ट पेपरवर छापलेलं पुस्तक हातात घेतलं की मनगट दुखतं, ते याच मातीमुळे.

कारखान्यात या खनिजाला 'फिलर' म्हणतात. जुन्या इंग्रज कागदवाल्यांचा शब्द होता 'लोडिंग'. गाडीत माल भरावा तसं कागदात भरणं. शब्दातच थोडी लबाडी आहे. कागद वजनावर विकायचा आणि वजन मातीने वाढवायचं, दुधात पाणी घालण्यासारखंच. निदान सुरुवातीला लोकांनी त्याकडे तसंच पाहिलं. पण या भेसळीचा पुढचा इतिहास इतका विचित्र आहे, की गेले दोन महिने मी त्याच्याच मागे लागले आहे. कागदात दगड घालणं हा ज्यांना गुन्हा वाटत होता, त्यांच्या पणतवंडांना आपली पुस्तकं टिकवण्यासाठी कागदात दगडच घालावा लागला. फक्त दगड बदलला.

आधी हे सांगते की दगड नुसता वजनासाठी घालत नाहीत. वड्याचं तेल लागलेला कागद आरपार दिसू लागतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कागदाचा धागा मुळात काचेसारखा पारदर्शक असतो. कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो तो धाग्यांमधल्या हवेच्या पोकळ्यांमुळे; धागा-हवा, धागा-हवा अशा अगणित सीमांवर प्रकाश विखुरतो. तेलाने पोकळ्या भरल्या की सीमा मिटतात आणि मागचं वर्तमानपत्र वाचता येतं. आता या धाग्यांमध्ये एक-दोन मायक्रॉनचे खनिजाचे कण पेरले, तर प्रकाशाला विखुरायला आणखी जागा मिळतात. पाठपोट छापलेलं पान वाचता येतं ते यामुळे. शिवाय धाग्यांमधले खड्डे भरून पृष्ठभाग सपाट होतो, छपाई स्वच्छ उठते. तोटा एवढाच, की लगदा वाळताना धागे जे एकमेकांना बिलगतात, त्यांच्यामध्ये हे कण तिऱ्हाइतासारखे येऊन बसतात. माती जास्त झाली की कागद लेचापेचा होतो, भुकटी सोडतो. म्हणजे प्रमाणात औषध आणि प्रमाणाबाहेर भेसळ, असा मामला आहे.

कागद आणि खनिज यांची गाठ तशी जुनी आहे. चीनमध्ये फार पूर्वी कागदाच्या अंगावर जिप्समचा पातळ थर देत. आपल्याकडे पोथी लिहिताना चुकलेलं अक्षर झाकायला हरताळाचा पिवळा लेप लावत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. (बंद पाळतात तो हरताळ वेगळा, तो गुजरातीतल्या हडताळाचा भाऊ.) पण हे सगळं कागदाच्या वर. लगद्यातच, कागद जन्माला येण्याआधी, खनिज मिसळणं ही गोष्ट वेगळी.

आपल्या हातकागदात मात्र एक खनिज न बोलावता येत असे. दौलताबादजवळचं कागजीपुरा, जुन्नर, पुण्यातल्या कसब्याजवळचा कागदीपुरा, ही आपली कागदाची जुनी ठिकाणं. तागाचे जुने दोर, गोणपाटं तोडून चुन्याच्या पाण्यात मुरवायची, कुटायची, धुवायची, पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, असं दिवसचे दिवस चाले. मग साच्यावर ताव उचलायचा, वाळवायचा, पिठाची खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. कितीही धुतलं तरी चुन्याचा अंश धाग्यात उरतोच. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे खडूच म्हणा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद आहेत. अडीचशे वर्षांनंतरही त्यांची घडी उलगडता येते. त्याचं श्रेय लांब, चिवट धाग्याला आहेच. पण त्या नकळत राहिलेल्या चुन्यालाही आहे. युरोपातही जुने कागदवाले चिंध्या चुन्यात मुरवत, आणि तिथलेही सोळाव्या-सतराव्या शतकातले कितीतरी कागद आज धडधाकट आहेत.

बिघडलं ते एकोणिसाव्या शतकात. छापखाने वाढले, वाचणारे वाढले आणि चिंध्या पुरेनात. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं, तेव्हापासून रंगीत, मळकट, कसल्याही चिंध्या पांढऱ्या करता येऊ लागल्या. त्याच सुमारास फ्रान्समध्ये निकोला लुई रोबेरने सलग पट्ट्यात कागद काढणारं यंत्र केलं आणि इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनियर बंधू आणि ब्रायन डॉनकिन यांनी ते सुधारलं. आणि १८०७ साली जर्मनीतल्या मॉरिट्झ फ्रीडरिश इलिगने एक कृती छापून प्रसिद्ध केली. आमच्या गोष्टीतला खरा खलनायक त्या कृतीत आहे.

शाईचा टाक कागदावर टेकवला की शाई पसरू नये म्हणून कागदाला खळ लागते. बिनखळीचा कागद म्हणजे टीपकागद. आपल्याकडे पिठाची खळ होती. युरोपात जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेल्या सरसात तयार ताव बुडवत, पुन्हा वाळवत. वेळखाऊ आणि दुर्गंधीचं काम. इलिगने सांगितलं, राळ सोड्यात उकळून तिचा साबण करा, तो लगद्यातच घाला आणि वर तुरटी घाला. तुरटी त्या राळेला धाग्यावर चिकटवते. एकदाच, हौदातच, काम संपलं! यंत्राच्या कागदाला हे इतकं सोयीचं होतं की हळूहळू सगळं जग त्या वाटेने गेलं. पुढे खऱ्या तुरटीच्या जागी तिची स्वस्त बहीण, ॲल्युमिनियम सल्फेट, आली. कागद गिरण्यांत तिलाही तुरटीच म्हणतात.

पण तुरटी पाण्यात आंबट असते. दाढीनंतर फिरवायची तुरटी जिभेला लावून पाहिली असेल तर ठाऊक असेल. ते आम्ल कागदात राहतं आणि धाग्यातली साखळी सावकाश, वर्षानुवर्षं, कडी कडी करून तोडत बसतं. साखळी तुटली की कागद वाकत नाही, मोडतो. पानाचा कोपरा दुमडला की हातात येतो तो कोपरा.

हे फार उशिरा लक्षात आलं असं नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं. १८२३ मध्ये जॉन मरे नावाच्या शास्त्रविषयांवर व्याख्यानं देणाऱ्या गृहस्थांनी लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ला पत्र लिहून कागदाच्या दुर्दशेची तक्रार केली होती. (प्रसिद्ध प्रकाशक जॉन मरे हे नव्हेत.) त्यांच्याजवळ ऑक्सफर्डला १८१६ साली छापलेलं बायबल होतं, कधी न वापरलेलं, आणि तरी त्याचा भुगा होत चालला होता. त्यांनी ते पान जिभेला लावून पाहिलं तर तुरट लागलं. १८२९ मध्ये त्यांनी या विषयावर लहानसं पुस्तकही काढलं. म्हणजे रोग, कारण आणि निदान, तिन्ही गोष्टी छापून झाल्या होत्या. आपल्या मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', निघालं १८३२ साली! आपण छापायला बसलो तेव्हा कागदाला कीड लागल्याची दवंडी पिटून झाली होती.

पण त्या काळच्या तक्रारखोरांचा रोख तुरटीइतकाच मातीवरही असे. जिप्सम, चिनी माती, जे पांढरं मिळेल ते लगद्यात ढकलण्याची चाल पडली होती. कृत्रिम रीतीने केलेल्या जिप्समला तर इंग्लंडमध्ये 'पर्ल हार्डनिंग' असं मोत्याचं नाव दिलं होतं. (भेसळीला गोंडस नाव देण्यात व्यापारी कुठल्याच देशात मागे नसतो.) इंग्लंडात कागदावर १८६१ पर्यंत वजनावर कर होता, म्हणजे मातीवरही सरकार कर घेत होतं. कर उठला आणि मातीचं तेवढंही ओझं गेलं.

यात राज्य केलं ते चिनी मातीने. विल्यम कुकवर्दी नावाच्या प्लिमथच्या एका औषधविक्याला १७४० च्या दशकात इंग्लंडच्या पश्चिम टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, ही माती सापडली. त्याला चिनीमातीची भांडी करायची होती. १७६८ मध्ये त्याने तसं पेटंटही घेतलं. ग्रॅनाइटमधलं फेल्स्पार लाखो वर्षांत कुजून ही माती होते. चीनमधल्या गावलिंग या डोंगराच्या नावावरून तिचं नाव पडलं केओलिन. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खाणीची भिंत धुवायची, दुधासारखा गाळ खाली आणायचा, वाळू बसू द्यायची आणि वरचा मलिदा सुकवायचा. एक टन मातीमागे कितीतरी टन वाळू फेकावी लागे. तिचे पांढरे डोंगर सेंट ऑस्टेल गावाभोवती उभे राहिले आणि लोक त्यांना कॉर्नवॉलचे आल्प्स म्हणू लागले. भांड्यांसाठी निघालेल्या या मातीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुढे कागद ठरला. बशा थोड्या, वर्तमानं फार.

आता एक प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. इंग्लंडात खडूचे डोंगर समुद्रकाठी उभे आहेत, डोव्हरचे पांढरे कडे सगळ्या जगाला माहीत. चिनी मातीपेक्षा खडू स्वस्त आणि पांढरा. मग कागदात माती का, खडू का नाही?

उत्तर पुन्हा तुरटीच. खडूवर लिंबू पिळलं तर फसफसतं. तसाच तो तुरटीच्या हौदात फसफसतो. फेस येतो, तुरटी खर्ची पडते, राळ धाग्यावर बसत नाही आणि सगळी घाणी बिघडते. चिनी मातीला आम्लाचं काही वाटत नाही, ती ढिम्म बसून राहते. म्हणून एकदा तुरटीची वाट धरल्यावर खडूला दार बंद झालं. मातीवर भेसळीचा आरोप झाला, पण पुस्तकं मारण्याच्या गुन्ह्यात ती निर्दोष होती. तिचा दोष असलाच तर इतकाच, की ती निमूटपणे तुरटीच्या शेजारी बसली. खडू असता तर आम्लाशी भांडला असता.

आपल्याकडच्या गिरण्यांनी चिनी मातीबरोबर आणखी एक खनिज वापरलं, ते आपल्या आज्यांच्या ओळखीचं. शंखजिरे. गोऱ्या अंगावरचं घामोळं बसवायला लावायचे तेच, इंग्रजीतला टाल्क. राजस्थानात ते भरपूर निघतं, मऊ असतं, स्वस्त पडतं आणि आम्लात ढिम्म राहतं. १८८० च्या दशकात बंगालमध्ये टिटागढला आणि आपल्या पुण्याजवळ मुंढव्याला यंत्रावरच्या कागद गिरण्या आल्या. १९२५ मध्ये बांबूच्या कागदाला संरक्षण देणारा कायदा झाला. नंतर चंद्रपूरच्या बांबूवर बल्लारपूरची गिरणी उभी राहिली. धागा बदलला तरी राळ, तुरटी, शंखजिरे हे त्रिकूट बराच काळ तसंच राहिलं. आमच्या पिढीने शाळेत ज्या वह्या भरल्या आणि तपासल्या, त्यांचा स्पर्श थोडा साबणासारखा का होता ते त्यात आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. निबंधमाला १८७४, केसरी १८८१, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९. छापील मराठीचं सगळं भरभराटीचं शतक आणि तुरटीच्या कागदाचं शतक एकच आहे. त्यातच १८४४ साली जर्मनीत केलरने लाकूड दगडावर घासून लगदा काढायची युक्ती शोधली, तो लगदाही वर्तमानपत्रांच्या आणि स्वस्त पुस्तकांच्या कागदात आला. लाकडातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं. म्हणून जुन्या छापील कागदाला दोन वेगवेगळे आजार असतात, पिवळेपणा आणि ठिसूळपणा, आणि पुष्कळदा दोन्ही एकदम. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मासिकांच्या बांधीव फायली आहेत. खालच्या फळीवर रोज कॉफी कलरचा चुरा पडतो. शिपाई तो झाडतो. त्या चुऱ्यात एखाद्याचा लेख असतो.

या गोष्टीला कलाटणी मिळाली ती अमेरिकेत, आणि तीही आधी उपउत्पादनाच्या निमित्ताने. मेन राज्यात एस. डी. वॉरन कंपनीची गिरणी होती. लाकूड सोड्यात शिजवून लगदा करायचा आणि तो सोडा चुन्याने पुन्हा ताजा करायचा, अशी पद्धत. त्यात कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ उरतो. तो फेकण्यापेक्षा कागदात घालून पाहावा, असा साधा काटकसरीचा विचार. तिथले रसायनज्ञ एडविन सटरमायस्टर यांच्या ध्यानात आलं, की कार्बोनेट असलेले जुने नमुने पांढरे आणि धड राहिले आहेत आणि तुरटीचे नमुने मात्र पिवळे, ठिसूळ झालेत. गिरणीतला उरलेला गाळ कागदाचं आयुष्य वाढवत होता!

व्हर्जिनियातले विल्यम बॅरो हे दुसरे. जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारा हा माणूस विद्यापीठातला शास्त्रज्ञ नव्हता. पण जे दुरुस्त करायचं ते मुळात मरतंय कशाने, याचा त्याने छडा लावला. १९०० ते १९४९ मध्ये छापलेली पाचशे पुस्तकं घेऊन त्यांचे कागद तपासले आणि १९५९ मध्ये निष्कर्ष मांडला: बहुतेक पुस्तकांना पुढची पन्नास वर्षंही धड काढता येणार नाहीत. आणि जे तीन-तीनशे वर्षांचे कागद ठणठणीत होते, त्यांत त्याला काय सापडलं? कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट. चुन्याचा तोच उरलेला अंश. तो कागदात बँकेतल्या शिलकीसारखा पडून राहतो. आम्ल तयार झालं की थोडा थोडा खर्च होतो आणि धाग्याला वाचवतो.

बॅरोने टिकाऊ कागद प्रत्यक्षात काढूनही दाखवला. ग्रंथपालांनी सभा भरवल्या, लेख लिहिले. पण मंडळी, जगातल्या गिरण्या काही ग्रंथपालांच्या कळकळीने बदलल्या नाहीत. त्या बदलल्या पैशाने.

१९५० च्या दशकात तुरटीशिवाय कागदाला खळ देणारी कृत्रिम रसायनं निघाली. ती आम्लात नाही, उलट चुन्याच्या बाजूच्या पाण्यात चांगली बसतात. खडूचं दीडशे वर्षं बंद असलेलं दार त्यामुळे उघडलं. खडू मातीपेक्षा अधिक पांढरा, युरोपात जागोजाग उपलब्ध, आणि लगद्यापेक्षा खूपच स्वस्त. शिवाय आम्ल नसलेल्या पाण्यात धागे एकमेकांना अधिक घट्ट बिलगतात, म्हणजे पूर्वीइतक्याच मजबुतीच्या कागदात जास्त दगड खपवता येतो! गिरणीवाल्यांना एवढं पुरे होतं. युरोपातल्या गिरण्या आधी वळल्या, अमेरिकेतल्या मुख्यतः १९८० च्या दशकात, आणि आपल्याकडच्या मोठ्या गिरण्या १९९० नंतर हळूहळू. लहान गिरण्यांतून राळ-तुरटी त्यानंतरही बराच काळ चालत राहिली. म्हणजे लबाडीच्या ज्या हेतूने, धाग्याच्या भावात दगड विकायला म्हणून, भेसळ सुरू झाली, त्याच हेतूने पुस्तकांना दीर्घायुष्य मिळालं. आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात नेहमी थोर माणसं थोर हेतूने थोर कामं करतात. इथे तसं काही जमत नाही.

१९९० मध्ये अमेरिकेने महत्त्वाची सरकारी प्रकाशनं टिकाऊ कागदावर छापावीत असा कायदा केला. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ ९७०६. त्यात इतर अटींबरोबर एक अट आहे, की कागदात कमीत कमी दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतकी शिल्लक असलीच पाहिजे. ज्याला एके काळी भेसळ म्हणत, ते घातलं नाही तर आता कागद नापास!

हा खडू करतात कसा, ते सांगायचा मोह आवरत नाही, कारण तो प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. चुन्याची निवळी परीक्षानळीत घ्यायची आणि नळीने फुंकायचं. निवळी दुधाळ होते, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेटचे कण तयार होतात. कागदातला उत्तम प्रतीचा खडू असाच होतो. फुंकर कोणाची? गिरणीच्या धुराड्याची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत कागद गिरणीच्या आवारातच असे लहान कारखाने उभे राहिले; चुनखडी भाजून केलेला चुना आणायचा, पाण्यात विरवायचा आणि धुराड्यातला वायू त्यातून सोडायचा. दुसरा प्रकार सरळ दळलेल्या चुनखडकाचा किंवा संगमरवराचा. आपल्याकडे तो राजस्थानातून येतो. ताजमहालाच्या जातीचा दगड आणि आपली लाइटबिलं!

यात चिनी मातीचं काय झालं, हेही सांगायला हवं. गुळगुळीत थरासाठी ती आजही लागते, पण कागदाच्या पोटातली तिची जागा खडूने बरीचशी बळकावली. कॉर्नवॉलमधल्या खाणी एकामागून एक बंद पडल्या, माणसं घरी बसली. बोडेल्वा इथल्या अशाच एका वापरून संपलेल्या खाणीच्या खड्ड्यात २००१ साली काचेसारख्या प्रचंड घुमटांखाली जगभरची झाडं लावून 'ईडन प्रोजेक्ट' नावाची बाग सुरू झाली. कागदासाठी खणलेल्या खड्ड्यात आता झाडं वाढतात.

घरातला कागद कोणत्या जातीचा, हे पाहायची सोपी रीत आहे. नको असलेल्या कागदाच्या तुकड्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाकायचा आणि भिंगातून बघायचं. बारीक बुडबुडे दिसले तर खडू आहे. किंवा तुकडा ताटलीत जाळून बघा: वर्तमानपत्राची काळी राख फुंकरीने उडून जाते, आर्ट पेपरची करडी-पांढरी राख पानाच्या आकारात तशीच बसून राहते. जळलं ते झाड, उरला तो दगड. (जाळायचा प्रयोग मोठ्यांनीच करावा, हे निवृत्त बाईंना सांगावंच लागतं.)

हे सगळं लिहायला निमित्त झालं ते माझ्या भाचीचं. ती परदेशी असते, उन्हाळ्यात येणार आहे आणि घरचे जुने कागद स्कॅन करून ठेवायचं तिने मनावर घेतलंय. तिने मेलवर विचारलं, "मावशी, दोनच आठवडे आहेत, आधी काय घेऊ? सगळ्यात जुनं ते आधी ना?" बाकीच्या नातेवाइकांनाही उपयोग होईल म्हणून तिला दिलेलं उत्तर इथेच देते.

नाही, सगळ्यात जुनं आधी नाही. पणजोबांच्या हातची पोथी घोटलेल्या हातकागदावर आहे. शाई फिकी झाली असेल तर गोष्ट वेगळी, पण कागद अजून दुमडतो, उलगडतो. ती शेवटी घे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या झेरॉक्स आणि प्रिंट यांचीही घाई नाही. आधी घ्यायची ती वर्तमानपत्रांची कात्रणं, मग माडीवरच्या ट्रंकेतले १९५० ते १९८० मधले दिवाळी अंक, मग आईच्या जमान्यातल्या कादंबऱ्या आणि आक्काची पदार्थांची वही. वही छापील नाही म्हणून मागे ठेवू नकोस. तिचा कागद शाळेच्या वहीचाच आहे, आणि तिच्यातलं लोणच्याचं प्रमाण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. पुस्तकात घडी करून ठेवलेलं कात्रण आढळलं तर काढून वेगळं ठेव, त्याचं आम्ल शेजारच्या पानांत उतरतं. तपकिरी चौकोन दिसेल तिथे ते झालेलं आहे. सेलोटेप लावायची नाही. दुकानातून लॅमिनेशन करून आणायचं नाही. आणि अंक स्कॅनरवर पालथा घालून वरून दाबू नकोस, पाठ मोडेल. निम्माच उघड, खाली उशी ठेव, खिडकीशी उजेडात धर आणि वरून फोटो काढ. १९६४ चा अंक सगळ्यात वाईट अवस्थेत आहे, सुरुवात त्याच्यापासून कर. पानं मी उलटीन.